मार्सेय : जुने बंदर आणि त्याच्या काठचे नगर

भूमध्य समुद्राच्या उत्तर किनाऱ्यावरील फ्रान्सचे मार्सेय हे नगर मराठी वाचकांस 'मार्सेलिस' ह्या इंग्रजी वळणाच्या नावाने चांगले परिचित आहे. ते फ्रान्समधील सर्वांत प्राचीन नगर मानले जाते. इ. स. पू. ६०० च्या सुमारास आशिया मायनरच्या किनाऱ्यावरील फोसिआ येथून आलेल्या ग्रीक दर्यावर्द्यांनी त्याची स्थापना केली, आणि तेव्हापासून आजतागायत तेथील वस्तीत खंड पडलेला नाही. एवढी कीर्ती ऐकून बंदराच्या काठी प्रथमच येऊन उभा राहणारा प्रवासी मात्र गोंधळून जातो. समोर होड्यांच्या डोलकाठ्या दाटलेल्या असतात. उजव्या हातास, उत्तरेच्या काठावर, एकसारख्या उंचीच्या, सज्जे असलेल्या दगडी इमारतींची लांबच लांब रांग दिसते, आणि त्या सर्व १९४३ नंतर उभारलेल्या आहेत. अडीच हजार वर्षांच्या नगराचा दर्शनी भाग शंभर वर्षांचाही नसावा, ह्याचे कारण काय, हा ह्या लेखाचा विषय आहे.

प्रथम बंदराचा विचार करणे अगत्याचे आहे; कारण ह्या नगरात जे खरोखर प्राचीन आहे ते बांधकाम नसून जमिनीत शिरलेली समुद्राची ही चिंचोळी खाडीच होय. ग्रीकांनी तिला लाकिदोन असे नाव दिले. तिचे मुख पश्चिमेस असून ते अरुंद आहे. उत्तरेस तीन लहान टेकड्या आहेत व त्यांच्या आश्रयाने मूळ नगर वसले. स्थानिक राजाची कन्या जिप्तिस हिने स्वयंवरप्रसंगी प्रोतिस नावाच्या परदेशी ग्रीकाच्या हाती पेला दिला व त्याला वरले, अशी कथा जस्टिन ह्या लॅटिन लेखकाने दिली आहे. ॲरिस्टॉटलच्या नावावर सांगितल्या जाणाऱ्या दुसऱ्या परंपरेत वधूवरांची नावे निराळी आहेत. ह्या कथेस इतिहास म्हणता येणार नाही. परंतु आगंतुक व्यापाऱ्यांना किनाऱ्यावरील जमातींच्या संमतीवाचून तेथे पाय रोवता आला नसता, एवढा तथ्यांश तिच्यातून काढण्यास हरकत नाही. पुढे रोमन यादवीत ह्या नगराने पाँपीचा पक्ष घेतला, इ. स. पू. ४९ मध्ये सीझरच्या सैन्याने त्यास वेढा घातला, आणि शरणागतीनंतर त्याचे राजकीय महत्त्व संपले. व्यापार मात्र चालूच राहिला.

खाडीचे ईशान्येकडील टोक शिंगासारखे आत वळलेले होते. प्राचीन काळाच्या अखेरीस ते गाळाने भरत गेले, त्याची जमीन झाली, जमिनीवर घरे झाली, आणि तेथे पाणी होते ही आठवणही पुसली गेली. १९६७ साली शेअरबाजाराच्या इमारतीमागे बाजारसंकुल उभारण्यासाठी पाया खणला जात असता ग्रीक तटबंदीचे अवशेष व रोमन काळातील धक्का उघडा पडला. बांधकाम करणाऱ्यांना जागा हवी होती, तर संशोधकांना व नागरिकांना अवशेष. अखेरीस तडजोड होऊन काही भाग उद्यान म्हणून राखण्यात आला व उर्वरित जागेवर बाजार झाला. १९७४ मध्ये त्याच ठिकाणी एका रोमन व्यापारी गलबताचा सांगाडा मिळाला. पाण्याने भिजलेले ते लाकूड गोठवून व निर्वात स्थितीत सुकवून टिकविण्यात आले, आणि १९८३ मध्ये तेथे उघडलेल्या नगर-इतिहासाच्या संग्रहालयात ते ठेवले गेले. आज ह्या उद्यानात उभे राहिले असता समुद्र दिसत नाही. ज्या धक्क्याला गलबते लागत तो हिरवळीच्या कडेला कोरडा पडलेला आहे. बंदराची पूर्वीची व्याप्ती ध्यानात येण्यास ह्याहून चांगली जागा नाही.

मध्ययुगाविषयी येथे थोडक्यात सांगितले तरी पुरे. दक्षिण काठावरील सँ-व्हिक्तोर हा मठ पाचव्या शतकातील परंपरा सांगतो. खाडीच्या मुखाशी दोन किल्ले आहेत : उत्तरेस सँ-झाँ, दक्षिणेस सँ-निकोला. हे किल्ले समुद्रावरील शत्रूसाठी बांधले, असा प्रवाशांचा समज होतो. तो अपुरा आहे. १६६० मध्ये चौदाव्या लुईने ह्या बंडखोर नगरात तटाला पाडलेल्या खिंडारातून प्रवेश केला आणि त्याच वर्षी सँ-निकोलाचे काम सुरू झाले. त्याच्या तोफांचा रोख नगरावरही होता. त्याच राजवटीत १६६९ मध्ये हे बंदर जकातमुक्त करण्यात आले व लेव्हांटच्या व्यापारास भर आला. त्या व्यापाराबरोबरच १७२० च्या मे महिन्यात 'ग्राँ सँतांत्वान' नावाचे जहाज प्लेग घेऊन आले. सुमारे ९०,००० वस्तीपैकी निम्म्याच्या आसपास माणसे मेली. सँ-झाँ किल्ल्याजवळच्या तूरेत नावाच्या मोकळ्या जागेत प्रेतांचे ढीग पडले असता शेव्हालिए रोझ ह्याने गलबतांवरील कैद्यांकडून त्यांची विल्हेवाट लावविली. आज त्या जागी समुद्राकडे तोंड करून बसण्याची सोय आहे.

एकोणिसाव्या शतकात जे घडले त्याचा परिणाम मात्र फार दूरवर झाला. आगबोटींना जुनी खाडी अपुरी पडू लागली, म्हणून १८४४ पासून उत्तरेस ला जोलिएत येथे समुद्रात बांध घालून नवी गोदी बांधण्यात आली. १८५३ मध्ये ती वापरात आली आणि पुढे एकापुढे एक गोद्या वाढत गेल्या. नवी गोदी व जुने बंदर जोडण्यासाठी दुसऱ्या साम्राज्याच्या काळात जुन्या वस्तीची टेकडी चिरून सरळ रुंद रस्ता काढण्यात आला. १८६९ मध्ये सुएझचा कालवा खुला झाल्यावर पूर्वेकडील टपाल व उतारू ह्याच बंदरावरून जाऊ लागले. धनिकांची घरे पूर्वेस व दक्षिणेस सरकली, आणि जुन्या बंदराचा उत्तर काठ कोळी, खलाशी, गोदी कामगार, इटलीतून आलेली कुटुंबे व नंतर इतर देशांचे आश्रित ह्यांच्याकडे राहिला. तेथे गुत्ते होते, वेश्यावस्तीही होती, आणि प्रवासवर्णनांनी तिचीच चर्चा अधिक केली. धुणे वाळत घातलेल्या बोळांतून जी हजारो साधी कुटुंबे राहत होती त्यांचे वर्णन करण्यास फारसे कोणी थांबले नाही.

महाराष्ट्राच्या इतिहासात ह्या नगराचे नाव ज्या घटनेमुळे आले तीही ह्या स्थलांतराशी निगडित आहे. ८ जुलै १९१० रोजी विनायक दामोदर सावरकर ह्यांनी 'मोरिया' बोटीच्या खिडकीतून समुद्रात उडी घेतली, पोहत धक्का गाठला, आणि फ्रेंच पोलिसाने त्यांना पकडून पुन्हा बोटीवरील इंग्रज अधिकाऱ्यांच्या स्वाधीन केले. फ्रान्सने त्यांना परत मागितले. हेगच्या लवाद न्यायालयाने २४ फेब्रुवारी १९११ रोजी असा निर्णय दिला की, हस्तांतर नियमबाह्य झाले असले तरी कैदी परत करण्याचे बंधन ब्रिटनवर नाही. त्या काळच्या मोठ्या टपाल-आगबोटी नव्या गोद्यांत लागत. म्हणून ह्या घटनेचे स्थान जुन्या बंदराच्या रम्य काठावर शोधण्याची जी हौस मराठी प्रवाशांना असते ती व्यर्थ होय.

आता १९४३ कडे वळावयास हवे. नोव्हेंबर १९४२ मध्ये जर्मन सैन्याने दक्षिण फ्रान्स व्यापला. ३ जानेवारी १९४३ रोजी मार्सेयमध्ये जर्मनांवर बाँबहल्ले झाले. हिमलरने शिक्षा म्हणून जुनी वस्ती नष्ट करण्याचा आदेश दिला. जर्मन बाजूने कार्ल ओबेर्ग व व्हिशी सरकारच्या वतीने पोलीस-प्रमुख रने बुस्के ह्यांच्यात बोलणी झाली, आणि काम फ्रेंच पोलिसांनी करावे असे ठरले. २२ जानेवारीपासून नगरभर धरपकड सुरू झाली. रविवार २४ जानेवारी रोजी सँ-झाँ वस्तीला वेढा घालून सुमारे २०,००० माणसांना घराबाहेर काढण्यात आले. त्यांतील हजारोंना गाडीने फ्रेझ्युस येथील छावणीत नेऊन त्यांची छाननी करण्यात आली. नगरातून एकंदर १६०० हून अधिक लोकांना काँपिएन्यच्या छावणीकडे पाठविण्यात आले. त्यांत जवळजवळ निम्मे ज्यू होते, आणि त्यांपैकी बहुतेकांचा शेवट सोबिबोर येथे झाला. १ फेब्रुवारीपासून सुरुंग लावण्यास आरंभ झाला. दोन-अडीच आठवड्यांत सुमारे १५०० इमारती, म्हणजे जवळपास १४ हेक्टर वस्ती, भुईसपाट झाली.

ह्या विध्वंसाचे सगळे अपश्रेय जर्मनांच्या माथी मारणे सोपे आहे. तथापि ते पुराव्याशी जुळत नाही. ही वस्ती रोगट व गुन्हेगारीने भरलेली आहे, ती पाडलीच पाहिजे, हा विचार युद्धापूर्वीच्या नगरसुधारकांनीही बोलून दाखविला होता, आणि १९४२ मधील नगररचनेच्या आराखड्यातही तिची फेररचना सुचविलेली होती. आदेश बर्लिनचा खरा; परंतु तो अमलात आणणाऱ्यांना परका वाटला नाही. त्याहून बोलका पुरावा वाचलेल्या इमारतींचा आहे. काठावरील सतराव्या शतकातील नगरभवन राखले गेले. दर्शनी भिंतीवर हिऱ्याच्या पैलूंप्रमाणे दगड कोरलेला सोळाव्या शतकातील वाडा राखला गेला. १५३५ चा काब्र वाडाही राखला गेला, आणि नव्या रस्त्यांच्या आखणीत तो बसेना म्हणून १९५४ मध्ये अखंड वाडा उचलून काटकोनात फिरविण्यात आला. एक वाडा वाचविण्यासाठी एवढा खटाटोप करण्याची बुद्धी ज्या यंत्रणेला होती तिला कोळ्यांची घरे कधी ऐतिहासिक वाटली नाहीत. वास्तूंच्या याद्या करणाऱ्या विद्वानांचाही ह्यात वाटा आहे, हे मान्य केले पाहिजे.

मोकळ्या झालेल्या जागेवर १९५० च्या दशकात फेर्नाँ पुयाँ प्रभृती वास्तुकारांनी आजची दगडी रांग उभारली. ती कुरूप नाही. उलट त्या काळच्या सिमेंटच्या ठोकळ्यांशी तुलना करता तिच्यात संयम दिसतो. पायाभरणीच्या वेळी, १९४७ मध्ये, जमिनीत पुरलेल्या मोठमोठ्या रांजणांची एक रोमन वखार सापडली. १९६३ पासून ती त्याच जागी, नव्या इमारतीच्या तळमजल्यावर, संग्रहालय म्हणून खुली झाली. पुढे १९९३ मध्ये जवळच्या चौकाखाली इ. स. पू. सहाव्या शतकातील ग्रीक नावांचे अवशेष मिळाले. त्यांतील एकीच्या फळ्या दोऱ्याने शिवलेल्या होत्या. भारताच्या पश्चिम किनाऱ्यावर काथ्याने शिवलेली गलबते ज्यांना ठाऊक आहेत त्यांना ह्या तंत्राचे नवल वाटणार नाही. तिच्या नमुन्यावर बांधलेली 'जिप्तिस' नावाची नाव २०१३ मध्ये पाण्यात सोडण्यात आली. सुरुंग लागले नसते तर ही वखार कदाचित सापडली नसती, असा युक्तिवाद कधी कधी ऐकू येतो. तो संशोधनाच्या नावाने करण्यात येऊ नये. वखार दोन हजार वर्षे सुरक्षित होती, आणखी काही काळ राहिली असती.

कॅसरी मार्गाच्या वरच्या अंगाची पानिए वस्ती तेवढी सुरुंगांतून सुटली. मूळ गल्ल्यांचे चढ, पायऱ्या व अरुंद घरे पाहावयाची असल्यास तेथेच गेले पाहिजे. तिच्या माथ्यावर पिएर प्युझे ह्याने आखलेले, १६७१ मध्ये आरंभलेले अनाथ-भिकाऱ्यांचे आश्रयगृह आहे : तीन मजली कमानींचा चौक, मध्यभागी लंबवर्तुळाकार घुमटाचे प्रार्थनामंदिर. गरिबांना रस्त्यावरून उचलून कोंडण्यासाठी बांधलेली ही वास्तू विसाव्या शतकात स्वतःच गरिबांची मोडकी चाळ झाली होती; १९६१ ते १९८६ एवढा काळ तिच्या जीर्णोद्धारास लागला, आणि आता तीत संग्रहालये आहेत. पानिएतील जुने रहिवासी मात्र कमी होत चालले आहेत, कारण जुनेपणालाच आता भाडे येते.

२०१३ मध्ये हे नगर युरोपची सांस्कृतिक राजधानी होते. त्या निमित्ताने बंदराच्या आतल्या टोकाशी आरशासारखे छत उभारले गेले, आणि सँ-झाँ किल्ल्याशेजारी नवे संग्रहालय बांधून एका बारीक पुलाने ते किल्ल्याला जोडण्यात आले. त्याच किल्ल्याच्या पायथ्याशी जर्मनांनी बांधलेला काँक्रीटचा एक बुटका खंदक-बुरूज अजून उभा आहे. हद्दपार केलेल्यांचे स्मारक त्यात आहे. २०१९ मध्ये पॅरिसच्या सरकारी वकिलांनी १९४३ च्या ह्या कृत्याची मानवतेविरुद्धचा गुन्हा म्हणून चौकशी सुरू केली, तेव्हा त्या वस्तीत जन्मलेली व लहानपणी गाडीत कोंबली गेलेली काही माणसे साक्ष देण्यास हयात होती.