इंदूरचा खड्डा आणि आपली खतपेटी

'सोसायटीच्या बागेवर काहीतरी लिहा', असे स्मरणिका समितीने सांगितले, तेव्हा झाडांची यादी देऊन मोकळे व्हावे असे वाटले होते. पण आपल्या बागेचा खरा इतिहास झाडांत नाही. तो मागच्या भिंतीलगतच्या विटांच्या तीन पेट्यांत आहे. बाल्कन्यांत आणि गच्चीवर आज जी मेथी, मिरची, टोमॅटो, कढीपत्ता दिसतो, त्याचे मूळ त्या पेट्यांत आहे. आणि हा इतिहास पंचवीस वर्षांचा नसून जवळजवळ शंभर वर्षांचा आहे.

'सेंद्रिय' म्हणजे परदेशातून आलेले महागडे फॅड, असे पुष्कळांना वाटते. 'ऑरगॅनिक फार्मिंग' हा शब्द इंग्लंडमधले लॉर्ड नॉर्थबोर्न यांच्या १९४० च्या पुस्तकातून रूढ झाला, हे खरे. पण त्यामागची खत करण्याची शास्त्रशुद्ध पद्धत त्याआधीच आपल्या इंदूरला तयार झाली होती.

अल्बर्ट हॉवर्ड हे इंग्रज शास्त्रज्ञ १९०५ साली आजच्या बिहारमधील पुसा येथे सरकारी नोकरीत आले. आले होते शिकवायला, पण इथल्या शेतकऱ्यांची शेती पाहून स्वतःच शिकू लागले. शेतकरी आणि पिकांवरची कीड यांना ते आपले प्राध्यापक मानत. १९२४ मध्ये होळकर संस्थानाने दिलेल्या जमिनीवर इंदूरला एक वनस्पती संशोधन संस्था सुरू झाली आणि हॉवर्ड तिचे प्रमुख झाले.

त्यांच्यापुढचा प्रश्न साधा होता. गावातले बरेचसे शेण गोवऱ्या होऊन चुलीत जाते, मग जमिनीला द्यायचे काय? उत्तर निघाले ते असे : थोडे शेण आणि पुष्कळ काडीकचरा. पालापाचोळा, तण, पिकांची धाटे, त्यावर शेण, गोठ्यातली मूत्र मुरलेली माती आणि चुलीतली राख, असे थर लावायचे. पाणी शिंपडायचे आणि ठरावीक दिवसांनी ढीग वरखाली करायचा. सुमारे तीन महिन्यांत काळे, भुसभुशीत, वास नसलेले खत तयार. खड्डा दोन-तीन फुटांपेक्षा खोल नको, कारण खाली हवा पोचत नाही. हवा नसली की कुजणे बिघडते आणि दुर्गंधी सुटते. हीच ती 'इंदूर पद्धत'.

१९३१ साली या कामाचे इंग्रजी पुस्तक ऑक्सफर्डने प्रसिद्ध केले. त्यावर लेखक म्हणून दोन नावे आहेत : अल्बर्ट हॉवर्ड आणि यशवंत डी. वाड. वाड हे संस्थेत रसायन विभागाचे मुख्य सहाय्यक होते. हॉवर्ड १९३४ मध्ये 'सर' झाले, जगभर गाजले. वाडांचे नाव मात्र आपल्यापैकी किती जणांनी ऐकले आहे? निदान आपल्या स्मरणिकेत ते छापून यावे, हा या लेखाचा एक हेतू. १९३५ मध्ये गांधीजींनीही ही संस्था पाहिली आणि 'हरिजन'मधून या खताचा प्रचार केला.

पुढे हा विचार शेतातून घराघरांत आला, त्यात महाराष्ट्राचा वाटा मोठा. गारगोटीच्या मौनी विद्यापीठात गणित शिकवणारे श्री. अ. दाभोलकर यांनी 'प्रयोग परिवारा'तून सामान्य माणसाला आपल्या जागेतच प्रयोग करायला शिकवले. मुंबईत अर्थशास्त्रज्ञ डॉ. आर. टी. दोशी यांनी वांद्र्याच्या गच्चीवर उसाच्या चिपाडात भाज्या पिकवून दाखवल्या. मुंबई पोर्ट ट्रस्टच्या स्वयंपाकघराच्या गच्चीवर तिथल्याच ओल्या कचऱ्यातून प्रीती पाटील आणि सहकाऱ्यांनी बाग उभी केली. भाजीपाल्याला शेतच हवे, हा समज अशा माणसांनी मोडला.

आता आपल्याकडे येऊ. २०१६ च्या घनकचरा नियमांनी सोसायट्यांना ओला कचरा वेगळा करून शक्यतो आवारातच जिरवायला सांगितले. दुसऱ्या वर्षी आपणही खड्डा केला. तेव्हा खजिनदार मी होतो. 'खर्च एकदाच होऊ दे, खोल घ्या', असा आग्रह माझाच. पाच फूट खोल, आतून सिमेंटने लिंपलेला भक्कम खड्डा झाला. आपले माळीकाका तेव्हाच म्हणाले होते, 'साहेब, गावाकडं उकिरडा उपसून उलथावा लागतो. यात माणूस उतरणार कसा?' मी हसून सोडून दिले. बँकेत छत्तीस वर्षे सह्या केलेल्या माणसाला उकिरड्याबद्दल कोण शिकवणार!

पुढे काय झाले ते जुन्या सभासदांना आठवत असेलच. पावसाळ्यात खड्ड्यात पाणी साठले, अळ्या झाल्या, तळमजल्यावरच्या मंडळींना खिडक्या उघडता येईनात. सर्वसाधारण सभेत 'बुजवून टाका' असा ठराव आला. माझी मान खाली गेली होती. सभेने दोन महिन्यांची मुदत दिली, एवढेच.

त्या दोन महिन्यांत मी हॉवर्ड-वाडांचे पुस्तक शोधून वाचले. माळीकाका जे एका वाक्यात बोलले होते, तेच त्यात सविस्तर लिहिले होते. हॉवर्ड साहेबांना जे पुसाला कळले ते मला सत्तरीच्या उंबरठ्यावर कळले : ज्याचे हात मातीत आहेत त्याचे आधी ऐकावे. मी त्यांची माफी मागितली. मग खड्डा बुजवून जमिनीवरच तीन फूट उंचीच्या पेट्या बांधल्या, विटांमध्ये हवेसाठी फटी ठेवून. ओल्या कचऱ्याच्या प्रत्येक थरावर त्याच्या दुप्पट सुका पाला. पूर्वी हाच पाला आपण पोती भरून बाहेर देत होतो किंवा चक्क जाळत होतो. दर पंधरा दिवसांनी उलथापालथ. वास गेला, ठरावही मागे घेतला गेला. पहिले खत घरटी एकेक डबा वाटले, त्या वर्षापासून बाल्कन्या हिरव्या झाल्या.

आमच्या भाषेत सांगायचे तर जमीन हे खाते आहे. काढलेली रक्कम भरलीच नाही, तर कधीतरी चेक परत येणारच. हॉवर्ड यालाच 'परतफेडीचा नियम' म्हणत.

हे सगळे आज लिहिण्याचे कारण आहे. पेट्यांच्या जागी दोन गाड्यांचे पार्किंग करावे, अशी सूचना येत्या सभेपुढे आहे. पार्किंगची अडचण खरी आहे, मीही ती रोज पाहतो. जागा बदलायची तर जरूर बदला, पण पेट्या मोडण्याआधी त्यांची नवी जागा ठरवा. शिवाय हल्ली ओल्या कचऱ्यात प्लॅस्टिकच्या पिशव्या पुन्हा दिसू लागल्या आहेत, त्या माळीकाकांना हाताने वेचाव्या लागतात. तेही आता थकले आहेत.

रविवारी सकाळी आठला मी पेट्यांपाशी असतो. नातवंडांना घेऊन या. मूठभर खत हातात घ्या आणि वास घेऊन पाहा, पहिल्या पावसाच्या मातीसारखा येतो. मग सभेत काय मत द्यायचे ते तुम्हीच ठरवा.