आउटबोर्ड मोटरचे शीतकरण : एका दोषाचा इतिहास

यंत्रांचे इतिहास बहुधा शोधकांच्या यशाचे इतिहास असतात. यंत्र कोठे व का बंद पडत असे, याचा विचार दुरुस्ती करणाऱ्यांवर सोपविला जातो. वस्तुतः दोषांचा इतिहास यंत्राच्या रचनेवर जो प्रकाश टाकतो, तो विक्रीच्या आकड्यांनी पडत नाही. होडीच्या पिछाडीस बाहेरून अडकवावयाची व काम झाल्यावर उचलून नेता येणारी आउटबोर्ड मोटर हे याचे उत्तम उदाहरण होय. तिच्या शीतकरणाची व्यवस्था वारंवार बदलली. परंतु प्रत्येक सुधारणेने दोष नाहीसा होण्याऐवजी त्याची जागा बदलली, असे दिसून येते.

अमेरिकेत कॅमेरॉन वॉटरमन याने 1905 साली केलेल्या प्रयोगात मोटारसायकलचे हवेने थंड होणारे इंजिन वापरले होते. मोटारसायकल धावताना तिच्या इंजिनावर वाऱ्याचा झोत येतो; मंदगती होडीच्या मागे बसविलेल्या इंजिनास तो मिळत नाही. याउलट खाली पाणी विपुल. तेव्हा पाण्याकडे वळणे स्वाभाविकच होते. मिलवॉकी येथे ओले एव्हिनरूड याने 1909 मध्ये बनविलेली दीड अश्वशक्तीची, सुमारे 62 पौंड वजनाची मोटर पाण्याने थंड होणारी होती. पुढील यंत्रांची सर्वसाधारण मांडणी तिच्यात निश्चित झालेली दिसते : वर सिलिंडर, त्याखाली उभा दंड, आणि तळाशी दातेरी चाकांनी फिरणारा पंखा.

या व्यवस्थेत मोटारगाडीप्रमाणे तेच पाणी पुनःपुन्हा फिरत नाही. नदीचे वा समुद्राचे पाणी खालून आत घेतले जाते, सिलिंडरभोवतीच्या पोकळीतून खेळविले जाते आणि बाहेर टाकले जाते. त्यामुळे वजन वाचते. पण पाण्यातील वाळू, शेवाळ व मीठही यंत्रात शिरते. पुढील साऱ्या अडचणींचे मूळ या एका निवडीत आहे.

प्रारंभीच्या यंत्रांत पाणी चढविण्यासाठी लहान दट्ट्याचा पंप असे. त्याच्या झडपेखाली वाळूचा एक कण अडकला तरी झडप नीट मिटत नसे व पाणी वर चढत नसे. जॉन्सन बंधूंच्या कारखान्याने पुढे काही यंत्रांत पंपच वगळला. पंख्याच्या मागे पाण्याचा दाब वाढतो आणि पुढे शोषण निर्माण होते. या फरकाचा उपयोग करून नळीतून पाणी खेळविण्यात आले. हलणारा भागच नसल्याने झिजण्याचा प्रश्न मिटला. तथापि शीतकरण आता सर्वस्वी पंख्यावर अवलंबून राहिले. पंखा मंद फिरत असेल, किंवा त्याची पाती खडकावर आपटून वाकली असतील, तर पाणी अपुरे पडे.

दुसऱ्या महायुद्धानंतर लवचीक पात्यांचा रबरी इंपेलर सर्वत्र रूढ झाला. केंद्रापासून किंचित बाजूस बसविल्याने फिरताना त्याची पाती वाकतात व सरळ होतात. म्हणून मंद गतीतही तो पाणी ओढतो. वेग वाढल्यावर दाबामुळे पाती आत झुकतात आणि तो केवळ पाणी बाहेर फेकणारे चाक बनतो. त्याचा शत्रू कोरडेपणा. पाण्याबाहेर मोटर थोडा वेळ चालविली तरी रबर घर्षणाने जळते. वर्षानुवर्षे पडून राहिल्यास पाती वाकलेल्या स्थितीतच कडक होतात. तुटलेल्या पात्याचा तुकडा वरच्या वाटेत अडकला, तर नवा इंपेलर बसवूनही दोष कायम राहतो. इंग्लंडमधील सीगल मोटरने, जी महायुद्धात ब्रिटिश नौदलानेही वापरली, वेगळा मार्ग धरला. तिचा साधा इंपेलर भिंतीस घासत नाही, त्यामुळे वाळूने त्याचे फारसे बिघडत नाही; पण तो पाण्याखालीच असावा लागतो. वरच्या पोकळीत साचणाऱ्या क्षारांवर मात्र तिच्याही जवळ उपाय नव्हता.

1950 च्या दशकात थर्मोस्टॅटचा प्रसार होऊ लागला. इंजिन फार थंड राहिल्यास इंधन नीट जळत नाही, म्हणून पाण्याच्या वाटेवर ही उष्णतेने उघडणारी झडप बसविण्यात आली. अतिथंडपणाचा दोष गेला. पण मिठाने झडप मिटलेलीच राहिली तर पंप सुस्थितीत असूनही सिलिंडर तापू लागले.

जुनी मोटर दुरुस्त करणाऱ्यास हा क्रम ठाऊक असणे अत्यावश्यक आहे. नव्या मोटरीच्या बाजूने पाण्याची बारीक धार सतत बाहेर पडते. ती आटली की चालक सावध होतो. 1950 च्या दशकातील अनेक मोटरींना अशी धार नसतेच. त्यांचे पाणी धुराबरोबर तुषारांच्या रूपाने बाहेर पडते. हा भेद न जाणणारा मनुष्य चांगला पंप खोलून बसतो. उलट, तुषार दिसतात म्हणून निश्चिंत राहणाराही फसतो. कारण थोडे पाणी बाहेर येत असतानाही सिलिंडरचा माथा कोरडा असू शकतो. सिलिंडरच्या माथ्यावर टाकलेला पाण्याचा थेंब चरचरून उडाला, तर यंत्र तत्काळ थांबवावे, हा साधा संकेत म्हणूनच अधिक विश्वसनीय होय. त्यानंतर खालून वर, म्हणजे पाण्याच्याच वाटेने जावे : प्रथम तळाची जाळी, मग पंप, त्यावरील नळी व तिचे रबरी कडे, नंतर थर्मोस्टॅट, आणि शेवटी क्षारांनी बुजलेली पोकळी.

या शोधातील प्रत्येक थांबा इतिहासातील एका टप्प्याची खूण आहे. किनाऱ्यापासून दूर, वल्हे सोबत नसताना दट्ट्या सिलिंडरात अडकून बसला, तर शोधकाचे नाव उपयोगी पडत नाही. यंत्र कोणत्या काळचे आहे, हे आधी ओळखले असते तर ती वेळ टळली असती. दुरुस्तीच्या जुन्या पुस्तिकांतील दोषांचे तक्ते इतिहासाची साधने म्हणून जपणे अगत्याचे आहे, ते याचसाठी.