भूल आणि चूक: हैदराबादचा क्लोरोफॉर्म आयोग

मराठीत 'भूल' या शब्दाला दोन अर्थ आहेत. एक शस्त्रक्रियेपूर्वी दिली जाणारी भूल, दुसरा भूलचुकीतला. भूलशास्त्राच्या इतिहासात हे दोन अर्थ वारंवार एकत्र आलेले दिसतात. त्यातील एक प्रसंग आपल्या शेजारचाच आहे.

अहिल्यानगर जिल्ह्यातील मिरजगावाहून थोडे पुढे गेले की आष्टीचा मुलूख लागतो. १९४८ पर्यंत तो निजामाच्या राज्यात मोडत असे. त्या राज्याच्या राजधानीत, हैदराबादेत, एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस एडवर्ड लॉरी हे शल्यचिकित्सक क्लोरोफॉर्मचे कट्टर पुरस्कर्ते होते. ईथर सुमारे ३५ अंशांना उकळतो आणि दिव्याच्या ज्योतीने भडकतो. दख्खनच्या उन्हाळ्यात तो हाताळणे कठीणच. क्लोरोफॉर्म पेट घेत नाही, थोडा पुरतो आणि त्यासाठी यंत्रही लागत नाही. कापडाचा शंकू आणि त्यावर काही थेंब, एवढ्यावर काम भागे.

परंतु १८४८ साली इंग्लंडमध्ये हॅना ग्रीनर ही १५ वर्षांची मुलगी पायाचे नख काढताना याच औषधाखाली दगावली होती. मृत्यू हृदय थांबून येतो की श्वास थांबून, हा वाद तेव्हापासून चालू होता. आधी श्वास थांबतो, म्हणून श्वासावर लक्ष ठेवले की धोका नाही, असे लॉरींचे म्हणणे. १८८८ च्या पहिल्या आयोगाने कुत्र्यांवर प्रयोग करून तसाच निष्कर्ष काढला. 'लॅन्सेट'ने शंका घेतली, तेव्हा निजाम महबूब अली खान यांनी खर्च सोसला आणि १८८९ मध्ये लंडनहून लॉडर ब्रंटन आले. दुसऱ्या आयोगानेही लॉरींचीच बाजू उचलून धरली.

हा निष्कर्ष चुकीचा होता. १९११ मध्ये गुडमन लेव्ही यांनी प्राण्यांवरील प्रयोगांतून दाखवून दिले की हलक्या, कमीजास्त होणाऱ्या भुलेत क्लोरोफॉर्ममुळे हृदयाची लय एकाएकी बिघडून मृत्यू ओढवू शकतो. म्हणजे हाताने अंदाजाने टाकलेले थेंब हाच धोक्याचा एक मार्ग होता. वाफेचे हवेतील प्रमाण मोजले पाहिजे, हे जॉन स्नो यांनी कितीतरी आधी सांगितले होते आणि त्यासाठी उपकरणही बनवले होते. शिवाय क्लोरोफॉर्म उजेडात व हवेत राहिला तर त्यात विषारी फॉस्जिन तयार होतो. म्हणून गडद बाटली आणि किंचित मद्यार्क आवश्यक ठरला. औषध स्वस्त होते. ते जपणे आणि मोजणे स्वस्त नव्हते.

आज क्लोरोफॉर्म शस्त्रक्रियागृहातून गेला आहे, प्रश्न मात्र राहिला आहे. प्रोपोफॉल हे स्निग्ध औषध जंतूंना मानवते, म्हणून उघडलेली कुपी काही तासांत टाकून द्यावी लागते. आणीबाणीसाठी भरून ठेवलेल्या सिरिंजा अनेकदा न वापरताच फेकल्या जातात. आधीच भरून येणाऱ्या सिरिंजांनी चुका कमी होतात, पण त्यांची किंमत अधिक. छोट्या रुग्णालयात हा हिशेब रोज करावा लागतो. फेकलेल्या औषधाचा खर्च वहीत दिसतो. न झालेल्या अपघाताची नोंद कोणत्याही वहीत होत नाही. हैदराबादच्या आयोगाकडे पैसा होता आणि निष्ठाही होती. उणीव राहिली ती स्वतःच्या खात्रीवर शंका घेण्याची.