अ‍ॅलिस्टर डेनिस्टन : एका भाषाशिक्षकाचे गुप्त कार्य

ब्रिटिश गुप्तवार्ता-खात्याच्या इतिहासात हेरांची नावे गाजली. शत्रूचे सांकेतिक संदेश उलगडणारी संस्था ज्याने उभारली, तो अ‍ॅलिस्टर डेनिस्टन (१८८१–१९६१) मात्र दीर्घकाळ उपेक्षितच राहिला. बॉन व पॅरिस येथे शिकलेला हा स्कॉटिश गृहस्थ ऑस्बोर्नच्या नाविक विद्यालयात जर्मन शिकवीत असे. १९१४ साली महायुद्ध सुरू होताच नौदलास जर्मन जाणणाऱ्यांची निकड भासली, आणि तो संकेतभेदनाच्या कामात ओढला गेला.

१९१९ साली स्थापन झालेल्या संकेतविद्या-विभागाची सूत्रे त्याच्याकडे आली. अधिकारी अवघे पंचवीसच्या आसपास. परंतु निवडक पंडितांवर त्याचा विश्वास होता. १९२७ मध्ये सरकारनेच उलगडलेल्या सोव्हिएत तारा कॉमन्स सभेत वाचून दाखविल्या. मॉस्कोने तत्काळ अभेद्य पद्धती स्वीकारली आणि विभागाचे कित्येक वर्षांचे श्रम वाया गेले. हा घाव राज्यकर्त्यांचा होता, हे ध्यानात घ्यावयास हवे.

पुढील युद्धाची चाहूल लागताच डेनिस्टनने विद्यापीठांतील प्राध्यापक आधीच हेरून ठेविले. ट्यूरिंग व वेल्चमन हे त्यांपैकीच. जुलै १९३९ मध्ये तो नॉक्ससह वॉर्सानजीक गेला. जर्मनांच्या ‘एनिग्मा’ यंत्राचे रहस्य पोलिश गणितज्ञांनी तेथे ब्रिटिशांपुढे उघड केले. ब्लेचली पार्कच्या पुढील यशात या भेटीचा वाटा मोठा आहे.

तथापि, मूठभर विद्वानांच्या त्या मंडळीस आता कारखान्याचे रूप येऊ लागले होते. ऑक्टोबर १९४१ मध्ये ट्यूरिंगप्रभृति चौघांनी वरिष्ठांना वगळून थेट चर्चिलला पत्र धाडले. मागणी होती ती कारकून व टंकलेखक स्त्रियांची. पत्रात प्रशंसा होती ती उपप्रमुख ट्रॅव्हिसची! फेब्रुवारी १९४२ मध्ये ब्लेचलीची सूत्रे ट्रॅव्हिसकडे गेली, आणि डेनिस्टनची रवानगी लंडनमधील राजनैतिक व व्यापारी संदेशांच्या शाखेत झाली. तेथेही त्याचे काम चोख होते. परंतु ‘सर’ ही पदवी ट्रॅव्हिसला लाभली, त्याला नाही.

१९४५ मध्ये निवृत्त झाल्यावर तो लेदरहेड येथील एका शाळेत मुलांना फ्रेंच व लॅटिन शिकवू लागला. ब्लेचलीचे रहस्य १९७४ पर्यंत जगापुढे आले नाही. त्यापूर्वीच, १ जानेवारी १९६१ रोजी, त्याचे निधन झाले. विभागाच्या दोन युद्धांमधील कार्याचे जे टिपण त्याने १९४४ मध्ये स्मरणाच्या आधारे लिहिले होते, ते १९८६ मध्ये छापले गेले.