दिनविशेष : १४ एप्रिल – भीमनगरच्या ओव्या

डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांची जयंती. २०१७ च्या एप्रिलमध्ये ‘पारी’ या संकेतस्थळाने गेवराईशेजारच्या माजलगावातील भीमनगरच्या राधाबाई बोऱ्हाडे व वाल्हाबाई टाकणखार यांच्या बाबासाहेबांवरील ओव्या आवाजासह जगापुढे ठेवल्या. ध्वनिमुद्रण १९९६ चे, जात्यावरच्या ओव्यांच्या एका मोठ्या संग्रहातले. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी महाराष्ट्रातील खेड्यापाड्यांतून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. ध्वनिमुद्रणाची बाजू बर्नार्ड बेल यांनी सांभाळली. दळताना जोडलेल्या या ओळींत माहेर, विठ्ठल, सासुरवास आहेच. भीमनगरच्या बायकांनी त्यात बुद्ध आणि भीमराव आणले, ही या संग्रहातील फार मोलाची भर. गिरण्या आल्या, जात्यांची घरघर थांबली, गाण्याचे निमित्तही गेले. गेवराई तालुक्यात ज्या घरी आजीला ओव्या आठवतात, तिथे त्या आजच ध्वनिमुद्रित कराव्यात.