पर्थ ग्लोरी फुटबॉल क्लबच्या नोंदी आणि आकडेवारी : मोजणीच्या आरंभाचा ऐतिहासिक विचार

प्रस्तावना

राजकीय इतिहासाच्या अभ्यासकाला एखाद्या लढाईतील सैन्यसंख्या ठरविण्यासाठी परस्परविरोधी साधने तपासावी लागतात. क्रीडा-इतिहासाच्या अभ्यासकाची स्थिती वरकरणी अधिक सुखाची असते. सामन्याची तारीख, मैदान, प्रेक्षकसंख्या, गोल करणारा खेळाडू आणि गोलाचे मिनिट हे सारे त्याच्यापुढे तयार कोष्टकाच्या स्वरूपात येते. त्यामुळे ही साधने निर्विवाद आहेत असा समज सहज होतो. बेरीज बरोबर असली की नोंद बरोबर, असे गृहीत धरले जाते. परंतु बेरीज कोणत्या वर्षापासून करावयाची, कोणत्या स्पर्धेतील सामने तीत धरावयाचे आणि कोणता रकाना मुळात आखावयाचाच नाही, हे निर्णय गणिताच्या कक्षेत येत नाहीत. ते कोणीतरी, कोणत्या तरी काळी, काही हेतूने घेतलेले असतात. प्रस्तुत लेखात ऑस्ट्रेलियातील पर्थ ग्लोरी या व्यावसायिक फुटबॉल क्लबच्या नोंदींच्या आधारे या निर्णयांचा मागोवा घेतला आहे.

येथे एक खुलासा आवश्यक आहे. आपण ज्याला फुटबॉल म्हणतो त्याला ऑस्ट्रेलियात दीर्घकाळ सॉकर म्हटले गेले. फुटबॉल हा शब्द तेथे लंबवर्तुळाकार मैदानावर खेळल्या जाणाऱ्या ऑस्ट्रेलियन रूल्स या खेळासाठी, तर काही राज्यांत रग्बीसाठी रूढ होता. २००५ मध्ये राष्ट्रीय संघटनेने आपल्या नावात फुटबॉल हा शब्द स्वीकारला, तो याच पार्श्वभूमीवर. नाव बदलण्याच्या त्याच वर्षी नवी लीग सुरू झाली आणि विजेत्यांची मोजणीही नव्याने सुरू झाली. या तीन गोष्टी एकत्र घडणे हा योगायोग मानता येत नाही.

दोन लीगांच्या सीमेवरील क्लब

ऑस्ट्रेलियातील नॅशनल सॉकर लीग १९७७ मध्ये सुरू झाली. नावात 'नॅशनल' असले तरी जवळजवळ दोन दशके देशाच्या पश्चिम किनाऱ्यावरील एकही संघ तीत नव्हता. या लीगचे बलाढ्य क्लब स्थलांतरितांच्या वसाहतींतून उभे राहिले होते : साऊथ मेलबर्न हा ग्रीकांचा, मार्कोनी हा इटालियनांचा, तर सिडनी सिटी हा हाकोआ या ज्यू क्लबच्या परंपरेतला. या तिन्ही क्लबांनी प्रत्येकी चार वेळा विजेतेपद मिळविले. पर्थ ग्लोरी १९९६-९७ च्या हंगामात लीगमध्ये दाखल झाला तो कोणत्याही एका समाजाचे नाव न लावता, शहराचे नाव घेऊन. तत्पूर्वी १९९४ मध्ये पर्थ कांगारूज या नावाचा संघ सिंगापूरच्या लीगमध्ये खेळला होता आणि त्याने ती स्पर्धा जिंकलीही होती. परंतु तो स्वतंत्र संघ असल्याने ग्लोरीच्या नोंदींत त्याचा समावेश होत नाही. पर्थमधील फुटबॉलचा इतिहास आणि पर्थ ग्लोरीचा इतिहास हे दोन वेगळे विषय आहेत, याचे भान ठेवले नाही तर पहिल्याच पानावर गोंधळ होतो.

ऑस्ट्रेलियन पद्धतीत साखळी सामन्यांत अग्रस्थान मिळविणाऱ्या संघाला प्रीमियर म्हणतात, तर त्यानंतरच्या बाद फेरीतून होणारा अंतिम सामना, ज्याला तेथे ग्रँड फायनल म्हणतात, जिंकणाऱ्याला चॅम्पियन. पर्थच्या बाबतीत हा भेद विशेष बोचरा ठरला. १९९९-२००० च्या हंगामात पूर्व जर्मनीचे माजी राष्ट्रीय प्रशिक्षक बर्न्ड श्टांगे यांच्या मार्गदर्शनाखाली पर्थने अग्रस्थान मिळविले. ११ जून २००० रोजी सुबियाको ओव्हलवर ४३,२४२ प्रेक्षकांसमोर वोलोंगाँग वुल्व्ह्जविरुद्ध ग्रँड फायनल झाली. मध्यंतरापर्यंत पर्थ ३-० असा पुढे होता. उत्तरार्धात वोलोंगाँगने तीन गोल फेडले आणि पेनल्टी शूटआउटमध्ये ७-६ असा विजय मिळविला. कोष्टकात हा सामना बरोबरीचा म्हणून नोंदला जातो, कारण शूटआउटचे गोल सामन्याच्या धावसंख्येत धरले जात नाहीत. म्हणजे आकडेवारीच्या दृष्टीने पर्थ त्या दिवशी हरलाच नाही! ज्या शहराने ती संध्याकाळ अनुभवली, त्याला ही नोंद कोणत्या तोंडाने सांगावी?

२००२ मध्ये पुन्हा अग्रस्थान आणि पुन्हा अंतिम सामन्यात, सिडनीच्या ऑलिंपिक शार्क्सकडून, ०-१ असा पराभव. २००३ मध्ये त्याच संघाला २-० असे नमवून पर्थ प्रथमच चॅम्पियन झाला. २००४ मध्ये पर्थने अग्रस्थान मिळविले आणि ४ एप्रिल रोजी पॅरामॅटा पॉवरविरुद्धची ग्रँड फायनल जादा वेळेतील गोलने जिंकली. निक मर्डजाने केलेला तो 'गोल्डन गोल' होता. त्या काळच्या नियमानुसार तो होताच सामना संपला. सामन्याबरोबर हंगाम संपला आणि हंगामाबरोबर सत्तावीस वर्षांची लीगही संपली. प्रेक्षक दहा हजारांहूनही कमी होते.

या अंतामागे २००३ चा क्रॉफर्ड अहवाल होता. संघटनेचा आर्थिक व प्रशासकीय ढाचा मुळापासून बदलावा अशी त्याची भूमिका होती. त्यानंतर ऑगस्ट २००५ मध्ये आठ संघांची ए-लीग सुरू झाली. जुन्या लीगच्या शेवटच्या हंगामातील केवळ तीन क्लब नव्या लीगमध्ये आले : अ‍ॅडलेड युनायटेड, न्यूकॅसल आणि पर्थ ग्लोरी. यांपैकी जुन्या लीगचे विजेतेपद गाठीशी घेऊन येणारा पर्थ हा एकमेव क्लब होता. २००४-०५ हा हंगाम मात्र कोठेच नाही. राष्ट्रीय लीग खेळविलीच गेली नाही आणि व्यावसायिक खेळाडूंच्या कारकिर्दीतून एक पूर्ण वर्ष नाहीसे झाले.

एकच खेळाडू, दोन रकाने

ए-लीगची अधिकृत आकडेवारी २००५-०६ पासून सुरू होते. याचा परिणाम बॉबी डेस्पोटोव्स्की या आघाडीच्या खेळाडूच्या उदाहरणातून स्पष्ट होतो. तो १९९६ मधील क्लबच्या पहिल्या हंगामापासून पर्थकडून खेळला आणि त्याने क्लबसाठी शंभराहून अधिक गोल केले. ए-लीगच्या पहिल्या हंगामात, वयाच्या चौतिसाव्या वर्षी, त्याने ८ गोल केले व सर्वाधिक गोलांचा मान आर्ची थॉम्पसन, अ‍ॅलेक्स ब्रॉस्क आणि स्ट्युअर्ट पेट्री यांच्यासह वाटून घेतला. ए-लीगचे कोष्टक उघडणाऱ्या तरुण वाचकाला हा खेळाडू कारकिर्दीच्या अखेरीस अवतरलेला कोणी पाहुणा वाटावा. डेमियन मोरीची कथा याहून विलक्षण आहे. जुन्या लीगमध्ये २४० गोलांचा विक्रम त्याच्या नावावर आहे आणि २००३ च्या अंतिम सामन्यात पर्थसाठी गोल करणाऱ्यांत तो होता. नव्या लीगच्या सर्वकालीन गोलकर्त्यांच्या यादीत मात्र तो वरच्या क्रमांकांत कोठेही दिसत नाही. 'सर्वकालीन' या शब्दाचा अर्थ येथे 'आम्ही सुरू झाल्यापासून' एवढाच आहे.

क्लबच्या स्वतःच्या लेखी दोन्ही कालखंड एकच आहेत. परिणामी एकाच प्रश्नाची दोन खरी उत्तरे संभवतात. पर्थ किती वेळा चॅम्पियन झाला? क्लबच्या हिशेबाने दोनदा, ए-लीगच्या हिशेबाने एकदाही नाही. २०१८-१९ मध्ये टोनी पोपोविच यांच्या मार्गदर्शनाखाली पर्थने ६० गुणांसह अग्रस्थान पटकाविले, तेव्हा ते लीगच्या दृष्टीने त्यांचे पहिले प्रीमियरपद होते. १९९९-२०००, २००१-०२ व २००३-०४ जमेस धरल्यास चौथे. माझ्या मते यांपैकी कोणतेही उत्तर चुकीचे ठरवण्याचे कारण नाही. मात्र कोणत्या मोजणीचा आधार घेतला हे न सांगता दिलेला आकडा अभ्यासकाने स्वीकारू नये. नव्या लीगच्या चालकांना जुन्या लीगची आर्थिक दुरवस्था आणि प्रेक्षकांतील वांशिक तणाव यांपासून अंतर राखावयाचे होते हे समजण्यासारखे आहे. पण त्यासाठी गोलांनाही सीमेपलीकडे सोडून द्यावे लागले, ही किंमत मोठी होती.

रिकाम्या जागा

खंडीय स्पर्धांच्या रकान्यात पर्थपुढे दीर्घकाळ काहीच नव्हते. ही रिकामी जागा पाहून दुबळेपणाचा निष्कर्ष काढणे सोपे आहे. वस्तुस्थिती अशी की, त्या काळी ऑस्ट्रेलिया ओशनिया महासंघात होता. या महासंघाची क्लब स्पर्धा १९९९ मध्ये साऊथ मेलबर्नने व २००१ मध्ये वोलोंगाँगने जिंकली. त्यानंतर ती थेट २००५ मध्ये झाली आणि सिडनी एफसीने जिंकली. पर्थची दोन्ही विजेतेपदे नेमकी या खंडात पडली. साऊथ मेलबर्न आपल्या विजेतेपदांच्या बळावर जानेवारी २००० मध्ये ब्राझीलमधील जागतिक क्लब स्पर्धेपर्यंत पोहोचला. पर्थला जाण्यासाठी स्पर्धाच नव्हती. २००६ पासून ऑस्ट्रेलिया आशियाई महासंघात आला, तरी पर्थचा आशियाई चॅम्पियन्स लीगमधील पहिला प्रवेश २०२० मध्ये झाला आणि तोही महासाथीमुळे खंडित होऊन कतारमध्ये पूर्ण करावा लागला.

याउलट २०१४-१५ च्या हंगामाची नोंद अनेक अर्थांनी भरलेली, पण वाचण्यास अवघड आहे. साखळी सामन्यांत पर्थने ५० गुण मिळवून तिसरे स्थान मिळविले होते. वेतनमर्यादेचे उल्लंघन केल्याबद्दल एप्रिल २०१५ मध्ये राष्ट्रीय संघटनेने क्लबला २,६९,००० ऑस्ट्रेलियन डॉलर दंड केला आणि बाद फेरीतून वगळून सातव्या क्रमांकावर ढकलले. गुण तसेच राहिले, क्रमांक बदलला. त्यामुळे अंतिम गुणतक्त्यात कितीतरी कमी गुणांचे संघ पर्थच्या वर दिसतात. हे पाहून एखाद्या विद्यार्थ्याला छपाईची चूक वाटेल. नोंद ठेवणाऱ्यांनी गुण पुसले नाहीत हे इतिहासाच्या दृष्टीने चांगलेच झाले. शिक्षा आणि खेळ दोन्ही एकाच ओळीत टिकून राहिले.

२०१२ च्या अंतिम सामन्याचे तसे नाही. ब्रिस्बेन रोअरने तो २-१ असा जिंकला. भरपाई वेळेतील निर्णायक गोल बेसार्ट बेरिशाने पेनल्टीवर केला. ही पेनल्टी द्यावयास हवी होती का, यावर बराच वाद झाला. कोष्टकात तिच्यापुढे फक्त 'पे.' हे अक्षर आहे.

प्रेक्षकसंख्येविषयीही थोडे सांगितले पाहिजे. १९ मे २०१९ रोजी पर्थ स्टेडियमवर सिडनी एफसीविरुद्धच्या ग्रँड फायनलला ५६,३७१ प्रेक्षक उपस्थित होते. सामना गोलशून्य राहिला आणि शूटआउटमध्ये पर्थ १-४ असा हरला. हे स्टेडियम, आणि त्यापूर्वीचे सुबियाको ओव्हल, ही दोन्ही प्रामुख्याने ऑस्ट्रेलियन रूल्सची मैदाने. म्हणजे क्लबच्या सर्वांत मोठ्या गर्दीच्या नोंदी उसन्या मैदानांवर झालेल्या आहेत. त्यांची तुलना क्लबच्या लहान घरच्या मैदानावरील सरासरीशी करणे योग्य होणार नाही. सुबियाको ओव्हल तर २०१९ मध्ये पाडण्यात आले. २००० च्या त्या सामन्याचे मैदान आता केवळ आकड्यांत उरले आहे.

महिला संघाचे कोष्टक

क्लबच्या नोंदी म्हणून जे सादर केले जाते ते बहुतेक वेळा पुरुष संघापुरतेच असते. राष्ट्रीय महिला लीग २००८ मध्ये सुरू झाली आणि पर्थचा संघ पहिल्या हंगामापासून तीत होता. त्याच हंगामात पंधरा वर्षांची सॅम कर या संघाकडून खेळली. पुढे जागतिक कीर्ती मिळविलेल्या या खेळाडूचे वडील कोलकात्यात जन्मलेले, हा भारतीय वाचकाला जवळचा वाटणारा तपशील. २०१८-१९ च्या हंगामात तिने पर्थसाठी १७ गोल केले. २०१४ मध्ये महिला संघाने लीगमध्ये अग्रस्थान मिळविले. २००५ नंतरच्या कालखंडात पर्थ ग्लोरीचे पहिले प्रीमियरपद २०१९ चे, असे विधान वर लीगच्या हिशेबाने केले आहे. महिलांचे कोष्टक शेजारी ठेवले की ते पाच वर्षे मागे सरकते. लीगने २००५ ची रेषा आखली तशीच ही दुसरी रेषा आहे, आणि ती क्लबच्या आतच आखलेली आहे.

जुलै २०२३ मध्ये मालकाने क्लबचा परवाना लीगकडे परत केला. २०२३-२४ चा हंगाम सुरू झाला तेव्हा क्लबला मालक नव्हता. नवी मालकी २०२४ च्या आरंभी आली. पुरुष संघ त्या हंगामात तळाला राहिला आणि एप्रिल २०२४ मध्ये मेलबर्न सिटीने त्याचा ८-० असा पराभव केला. ए-लीगमधील पर्थचा हा सर्वांत मोठा पराभव होय. मेलबर्न सिटीचा त्या वेळचा प्रमुख आक्रमक जेमी मॅक्लारेन २०१३ ते २०१५ या काळात पर्थकडून खेळलेला. त्याच वर्षी तो ए-लीगचा सर्वाधिक गोलांचा विक्रम नावावर घेऊन कोलकात्याच्या मोहन बागानमध्ये दाखल झाला. विक्रमाच्या त्या यादीत मोरीचे २४० गोल नाहीत.