नळीच्या टप्प्यात उभं राहू नका

आधी बूट घाला. चपलांचं हे काम नाही. पुढचे चार तास चालायचंय, आणि जिथं चालायचंय तिथले पदपथ ओकच्या मुळांनी उचकटून ठेवलेत. आता कानात ट्रॉय अँड्र्यूजचा ‘बॅकाटाउन’ लावा. २०१०चा अल्बम. फंक, जुना सोल, जाझ आणि मधूनच रॉकची गिटार, सगळं एकाच पातेल्यात. तो स्वतः या रश्शाला ‘सुपाफंकरॉक’ म्हणतो. पहिलाच तुकडा ‘हरिकेन सीझन’. ट्रॉम्बोन घुसला की डोळे मिटा आणि या अल्बमच्याही वीसेक वर्षं मागं जा.

उघडा.

हवा अंगाला चिकटलीय. मे महिन्यातल्या कोकणात आंघोळ करून बाहेर आल्या आल्या पुन्हा भिजायला होतं ना, तसंच. हे न्यू ऑर्लिन्स, आणि तुम्ही उभे आहात ट्रेमे वस्तीत. इथं उत्तर-दक्षिण कुणी सांगत नाही. नदीच्या बाजूला, तळ्याच्या बाजूला, असा पत्ता असतो. नदीपासून आत, गावाच्या मागच्या अंगाला जे आहे ते ‘बॅकाटाउन’. घरं एकमेकांना खेटून, रंग उडालेली. दारातून डोकावलात तर आगगाडीच्या डब्यांसारख्या एकामागं एक खोल्या, थेट परसदारापर्यंत. पायरीवर वारा घेत बसलेली आजी तुम्हाला जन्मात कधी न पाहता ‘बेबी’ म्हणते आणि विचारते, तू कुठं आहेस? गोंधळू नका. ‘वेअर याट’ म्हणजे इथलं ‘काय, बरं आहे ना?’

रविवार दुपार आहे, मिरवणुकीची वेळ, त्यामुळे पोटाची काळजी नको. उभं चिरलेलं लोखंडी पिंप, त्यात निखारे, वर तिखट सॉसेज. धूर सरळ तुमच्या शर्टात. पावात अख्खा पोर्क चॉप घालून देतात, हाडासकट, आणि चालता चालता धरायला ते हाडच बरं पडतं. कुणीतरी दुकानातली ढकलगाडी पळवून आणलीय, तिच्यात बर्फ आणि बिअर. एक घ्या. कपाळाला लावा, मग प्या.

बँड दिसायच्या आधी पोटात कळतो. तो सूझाफोन. वाजवणाऱ्याच्या अंगाला अजगरासारखा वेढा घातलेला, तोंड आभाळाकडं, आणि त्याची धम्मक तुमच्या बेंबीत. मागोमाग मोठा ढोल. त्याच्या डोक्यावर झांज ठोकलेली, आणि ती वाजवायला कपडे अडकवायच्या हँगरची वाकडी तार. छोटा ढोल वेगळा माणूस वाजवतो. चार ठोके मोजत राहा: दर दुसऱ्या फेरीला चौथा ठोका असा जोरात पडतो की गुडघा आपोआप वाकतो. याला ‘बिग फोर’ म्हणतात. नाव विसरलात तरी चालेल, गुडघा विसरणार नाही.

पुढं क्लबवाले. एकाच रंगाचे सूट, त्याच रंगाचे बूट, हातात पिसांचे पंखे. हे ‘सोशल एड अँड प्लेझर क्लब’ म्हणजे मुळात आपापसातल्या वर्गणीचा मामला: आजारपणात औषधपाणी, मेल्यावर नीट दफन, बँडसकट. ‘प्लेझर’ आहे ते आज. क्लब आणि बँड ही पहिली रांग. मागं जो कुणी येईल, नाचेल, रुमाल फडकवेल, ती ‘सेकंड लाइन’. म्हणजे तुम्ही. आमंत्रण लागत नाही. आपल्या वरातीत निदान कुठल्या बाजूचे म्हणून तरी विचारतात.

हात हलवा, पण एक पथ्य पाळा: ट्रॉम्बोनवाल्यांच्या समोर जाऊ नका. ते बँडच्या पहिल्या ओळीत चालतात, कारण त्यांची नळी हातभर पुढं सटकते आणि वाटेत येईल त्याच्या पाठीत बसते. पूर्वी बँड घोडागाडीतून फिरायचे तेव्हा ट्रॉम्बोनवाल्याला मागच्या फळीजवळ बसवायचे, नळीला बाहेर मोकळी जागा मिळावी म्हणून.

आणि आता खाली बघा. आणखी खाली. तुमच्या मांडीएवढं पोर आहे, चार-पाच वर्षांचं, आणि त्याच्या हातातला ट्रॉम्बोन त्याच्याहून लांब. हाच ट्रॉय. वाद्य नसलेली इथली पोरं खोक्याचा ढोल करून आपला बँड काढतात. याला एक टाकून दिलेला, पोचे पडलेला ट्रॉम्बोन सापडला. थोरला भाऊ जेम्स, तुतारीसारखा कडक ट्रम्पेट वाजवणारा, याला असा वाद्याखाली झाकलेला बघून म्हणाला ‘ट्रॉम्बोन शॉर्टी’, आणि नाव चिकटलं. नीट बघा त्याच्याकडं. नळी पूर्ण ताणायला मोठ्या माणसाचा हात लागतो. याचा हात अर्ध्यावरच संपतो. पुढचे सूर गाठायचे तर ओठांनी ओढून आणायचे, गाल फुगवून, डोळे घट्ट मिटून. थुंकी, घाम आणि वंगणाचा वास येतोय ना? तो त्याचाच.

क्लेबोर्न अव्हेन्यूला वळताना सावली येते आणि सगळे नकळत पाय उचलतात. इथं पूर्वी ओकच्या रांगा होत्या. त्या तोडून साठच्या दशकात डोक्यावरून महामार्ग नेला. झाडांच्या जागी खांब. हळहळायला फुरसत नाही, कारण बँड मुद्दाम इथंच रेंगाळतो. वरून काँक्रीट, खालून डांबर, आणि मध्ये कोंडलेलं पितळ. आवाज एकदा वाजतो, दोनदा आदळतो. लोक गाडीच्या बोनेटवर चढून नाचतात. छातीचं हाड थरथरतं, शेजारच्या बाईचा घामट दंड तुमच्या दंडाला, तुम्ही ओरडताय आणि तुमचाच आवाज तुम्हाला ऐकू येत नाही. मी ‘बॅकाटाउन’ पहिल्यांदा खुर्चीत बसून ऐकला तेव्हा मला तो उगाच कर्कश वाटला होता. या पुलाखालून चालून आलात तर उलट वाटेल: बराच आवरून वाजवलाय.

पोरगा थकलाय, एका पायरीवर बसलाय, मांडीवर ट्रॉम्बोन. तोवर घरातल्या माणसांची ओळख करून घ्या. याचे आजोबा जेसी हिल. १९६०मध्ये त्यांची ‘ऊ पू पा डू’ ही तबकडी देशभर गाजली, आणि ती तयार करून घेणारा तरुण होता ॲलन टूसाँ. पन्नास वर्षांनी या नातवाच्या अल्बममध्ये ‘ऑन युअर वे डाउन’ हे टूसाँचंच गाणं आहे, आणि त्यावर पियानोला तेच बसलेत. जुना सोल म्हणजे काही माळ्यावरून झटकून काढलेली वस्तू नव्हे. शेजारचे काका असतात ते, बोलावलं की येतात.

थोडं अंतर राहिलंय. फेअर ग्राउंड्स, घोड्यांच्या शर्यतींचं मैदान, जाझ फेस्ट या संगीत महोत्सवाचे दिवस. पायाखाली तुडवलेलं गवत, वर उन्हाचा झोत, क्रॉफिश घातलेल्या पावाचा लसणी वास. मंचावर रॉक अँड रोलवाला बो डिडली. तुम्ही गर्दीत मधोमध, आणि मागून कुठूनतरी एक ट्रॉम्बोन त्याच्या गाण्यात न विचारता शिरतो. मंचावरचा माणूस गाणं आवरून गर्दीत बघायला लागतो. कुणीतरी पोराला खांद्यावर उचलतं. मग डोक्यावरून, हातोहात, तो पुढं यायला लागतो.

हात वर करा, तुमची पाळी आली. आधी एक बूट तळव्यावर पडतो, मग हाफ पँटीतली घामेजलेली मांडी. पोराचं वजन मांजराएवढं. वाद्याचंच ओझं जास्त. गरम पितळ मनगटाला चटकन लागतं. सोडू नका. पुढचे हात आलेत, द्या.

तो मंचावर पोचलाय. पाय फाकवून उभा राहतो, ट्रॉम्बोन ओठांना लावतो, हात मागं खेचतो, आणि वीस रांगा दूर असूनही तुम्ही सवयीनं एक पाऊल बाजूला होता.